बाहुलीचा पाळणा

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सगळ्या छोट्या उशा रश्मी सिस्टरनं गोळा करायला घेतल्या, तेव्हा सौंदडच्या धुरपताबाईंनी आपली मोहरीची उशी पदराखाली घेतली.

"नातवाचं डोस्कं चापट झालं तं तुमी गोल करून देसान का वो?"

"होते आपोआप. बाळ पाठीवर निजवायचं, पाळण्यात दुसरं काही ठेवायचं नाही. श्वास कोंडते, आजी."

दुपारी गोंदियाहून बिसेन डॉक्टरमॅडम तपासणीला येणार होत्या. वॉर्ड पास झाला, तर तालुक्यातल्या सगळ्या नर्सांना शिकवायचा मान रश्मीला मिळणार होता. म्हणून तिनं दाराशीच एका रिकाम्या पाळण्यात बाहुली पाठीवर निजवून ठेवली. बाळ कसं निजवायचं, त्याचा नमुना.

आज्यांना आयती जागा सापडली. नातवंडांच्या पाळण्यात काही ठेवायचं नाही, असं सिस्टर म्हणाली होती. बाहुलीबद्दल ती काही बोलली नव्हती. धुरपताबाईंनी उशी तिच्या डोक्याखाली सारली. शामकलाबाईंनी नजर लागू नये म्हणून घरून आणलेला अडकित्ता तिच्या पायाशी ठेवला. तिसरीनं दुलई तिच्या अंगावर घातली, हातात धरून किती वेळ बसणार. रश्मी फोन कानाला लावून दोनदा तिथून गेली, पण तिचं सगळं लक्ष खऱ्या बाळांकडे होतं.

मॅडम आल्या. एकूण एक बाळ पाठीवर. "बढिया," त्या म्हणाल्या. रश्मीची मान ताठ झाली. मग मॅडम दाराशी थांबल्या, दुलई बाजूला केली, अडकित्ता उचलला.

"इस बच्चे का क्या गुनाह है, सिस्टर?"

"मॅडम, ती बाहुली आहे."

"वो दिख रहा है. नमुना म्हणून ठेवली ना?"

रश्मी आज्यांकडे वळली. "कायले ठेवलं हे सगळं?"

"उशी माही," धुरपताबाई म्हणाल्या.

"अडकित्ता माहा," शामकलाबाई म्हणाल्या.

"और कुशीवर कोणी वळवलं हिला? पाठीमागं ही कापडाची गुंडाळी कोणी खुपसली?" मॅडमनी विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"थे आमी नाई वो," धुरपताबाई म्हणाल्या. "सिस्टर फोनवर बोलत जाऊन राहिली होती. जाता जाता तिनंच कलती केली अन् पाठीशी गुंडाळी लावली. मले वाटलं, नवा नियम असंन."

रश्मीनं गुंडाळी बघितली. दोन्ही टोकं आत मुडपलेली. तशी घडी वॉर्डात ती एकटीच घालायची. नोकरीला लागली तेव्हा बाळ दूध ओकतं म्हणून कुशीवर निजवायला शिकवलं होतं. नवं प्रशिक्षण डोक्यात शिरलं होतं, हातापर्यंत पोचलं नव्हतं.

"मग... पास?" तिनं हळूच विचारलं.

"बच्चे पास. सिस्टर का बाद में देखेंगे," मॅडम म्हणाल्या. "शिकवायला तुम्हीच जा, पण ही बाहुली घेऊन जा, अन् स्वतःची ही गोष्ट आधी सांगा. आजी, घरी सोडेपर्यंत तुम्ही या सिस्टरवर लक्ष ठेवा."

धुरपताबाईंनी स्टूल ओढलं आणि वॉर्डाच्या मधोमध मांडलं.

संध्याकाळी रश्मी नुकतंच जन्मलेलं बाळ घेऊन आली. पाळण्यात पाठीवर नीट निजवलं. मग कडेला पडलेलं दुपटं उचलून त्याचं टोक आत मुडपू लागली.

"सिस्टर," स्टुलावरून आवाज आला. "हात."