सुलभाताईच्या परतीची बखर

श्रीशारदेच्या पायीं मस्तक ठेवून, जैसे ऐकिले तैसे लिहितों. अधिकउणे ते लिहिणाराचे पदरीं. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं नववी ब नामक दौलतींत मोठी मोहीम निघाली. दौलत चौतीस विद्यार्थ्यांची, आणि राज्य अनसूयाबाईंचे. बाई मराठी शिकवीत, मनाच्या मायाळू, परंतु तक्त्यावर भारी जीव. त्यांनी वीराच्या प्रवासाचा तक्ता भिंतीस लाविला. त्यांत बारा मुक्काम: वीरास हाक येते, वीर आधी नको म्हणतो, मग गुरू भेटतो, मग उंबरठा ओलांडून संकटें सोसतो, शत्रूस जिंकतो, आणि बाराव्या मुक्कामीं अमोल वस्तू घेऊन घरीं परततो. आणि हुकूम जाहला कीं, दोन कथा वाचून मुक्काम हुडकावे, मग आपापला वीर लिहावा, आणि पालकसभेचे दिवशीं मोठ्याने वाचावा, आणि मुक्काम येतांच साऱ्या वर्गाने त्याचा आकडा पुकारावा. मग काय विचारता! तेहेतीस वीर कमर कसून सिद्ध जाहले. हाक येतांच सारेच "नको नको" म्हणाले, कारण तक्त्यांत तैसे होते. साऱ्यांस पांढऱ्या दाढीचा गुरू भेटला, आणि एका आठवड्यांत इतके राक्षस मेले कीं पुढील वर्षास उरतील कीं नाही ऐसी काळजी पडली.

चौतिसावी केतकी धुमाळ. तिणें आपली थोरली बहीण सुलभा हीस वीर केले. सुलभाताई नर्सिंग शिकावयास शहरीं गेली होती. तेथें तिचे हातांत एक म्हातारी वारली, आणि मग सुई धरितां हात कापू लागला, आणि तीन मास नेट धरून ती घरीं परतली. या गोष्टीस सहा मास जाहले. परंतु आईसाहेब शेजारीं सांगत, "सुट्टीवर आलीय," आणि त्या पायीं ताई नळावरदेखील जाईना. केतकीचा जीव तिजसाठीं तुटत असे, म्हणोन तिणें घडले तैसेच लिहिले आणि वही बाईंस दिली. बाईंनी तांबड्या शाईने शेरा मारिला: "सहाव्या मुक्कामावरून वीर परत कसा? वीर जिंकलाच पाहिजे. पुन्हा लिहा."

केतकी आज्ञाधारक पोर. तिणें पुन्हा लिहिले. आता ताईने अवघे इस्पितळ वाचविले, मोठ्या डॉक्टरांनी हात जोडिले, सुवर्णपदक मिळाले, बाराही मुक्काम चोख जाहले. ती वही ताईचे हातीं लागली. ताईने दोन्ही कथा वाचिल्या, मग दुसरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही कोण गं?"

"तूच की. बाई म्हणाल्या, जिंकायला पाहिजे."

"आई सुट्टी सांगते, तू पदक सांगतेस. मी आहे तशी कुणालाच नको का?"

केतकीस रडू कोसळले, आणि ताईसही, आणि दोघी भांडी घासण्याचे निमित्त करून मोरीपाशीं बहुत वेळ बसल्या.

पौष मासीं पालकसभा भरली. आईसाहेब पुढें बसल्या, शेजारच्या शेवंताकाकू आल्या, आणि ताईही आली, दाराशीं उभी राहिली. तेहेतीस वीर राक्षस मारून गेले, आकडे पुकारून वर्गाचा घसा बसला. मग केतकी उठली. वही उघडिली. तिणें दाराकडे पाहिले, ताईने होकाराची मान हलविली, आणि केतकीने पहिलीच कथा काढिली. वर्गाने एक ते सहा आकडे पुकारिले. मग म्हातारी वारली, हात थरथरला, वीर एस.टी.त बसला, आणि वर्गास पुकारावयास आकडा सापडेना. एकजण म्हणाला, "बाई, हिचे सहा मुक्काम राहिले!" आईसाहेबांनी पदर तोंडास लाविला. बाई खुर्चीवरून उठल्या, आपला शेरा त्यांस आठवला, आणि चेहरा उतरला.

"केतकी," बाई हळू म्हणाल्या, "तुझ्या वीरानं येताना काय आणलं?"

"काही नाही, बाई. ती आली. मला तेवढंच पाहिजे होतं."

बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी स्वमुखें पुकारिले, "बारा!" मग साऱ्या वर्गाने पुकारिले.

सभा मोडली. शेवंताकाकूंचे कान कथेपेक्षां चहाकडे अधिक होते. त्या ताईपाशीं येऊन म्हणाल्या, "काय सुलभा, सुट्टी अजून किती दिवस?" आईसाहेब लगबगीने पुढें जाहल्या, परंतु ताईने त्यांचा हात धरिला आणि म्हणाली, "सुट्टी नाही काकू. मला जमलं नाही. मी परत आलेय."

काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई. मग ये की उद्या नळावर."

येणेंप्रमाणे हकिकत जाहली. केतकीस वीसपैकी सोळा गुण मिळाले. दुसरे दिवशीं सकाळीं ताई हंडा घेऊन नळावर गेली, आणि तिचे मागें आईसाहेबही गेल्या. लेखनसीमा.