पोहण्याचा कोरडा टप्पा

नाल्यापलीकडच्या गावांत जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने तीस दिवसांत शास्त्रशुद्ध पोहायला शिकावे, असा आदेश खात्याने काढला. रंजीता ही उपकेंद्रातली नर्स, वय एक्केचाळीस. दर मंगळवारी लसींचा डबा मांडीवर घेऊन ती खात्याच्या डोंग्यातून नाला ओलांडायची. वल्हवायला झिंगूभाऊ असायचे, तरी तिचा जीव मुठीत. त्यामुळे आदेश वाचून तिला खरोखर आनंद झाला. बिचारी!

प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात झालं. पाण्यात प्रशिक्षणार्थी बुडण्याचा संभव असल्याने पहिला टप्पा कोरडा ठेवण्यात आला होता. गोपाल सर नावाच्या तज्ज्ञांनी सगळ्यांना बाकांवर पालथं पाडलं आणि पडद्यावर बेडूक दाखवला. बत्तीस कर्मचारी पदर आणि पँट सावरत हवेत हातपाय मारू लागले. पंखे बंद होते, त्यामुळे घाम भरपूर आला. तेवढाच काय तो ओलावा.

"सर, पाण्यात कधी उतराचं?" रंजीताने विचारलं.

"दुसऱ्या टप्प्यात."

"अन् दुसरा टप्पा कधी?"

"पहिल्याचा अहवाल मंजूर झाल्यावर. आणि सिस्टर, मान वर काऊन काढून राह्यल्या? तुमचं तोंड सध्या पाण्यात आहे."

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. रंजीताला शेरा मिळाला, 'उत्तम'.

ते घेऊन ती तडक झिंगूभाऊंकडे गेली. "भाऊ, कागदावर मले पोहता येते. आता खरं शिकवा."

झिंगूभाऊंनी तिला गावच्या बोडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. आठ दिवस ती नाकातोंडाने ते तळं पीत होती. "पाण्याशी भांडू नोका, बाई," ते म्हणायचे, "तोंड आत घाला, दम सोडा, आंग सैल करा. पाणीच धरते मंग." नवव्या दिवशी पाण्याने खरंच धरलं. कान पाण्याखाली, वर आभाळ, पायाखाली काहीच नाही, आणि भीतीही नाही! "भाऊ, मी तरंगून राह्यली!" ती शाळकरी पोरीसारखी ओरडली. महिनाभरात तिने बोडी पार केली. शेरा द्यायला तिथे कोणी नव्हतं.

जूनमध्ये दुसरं पत्र आलं. 'सर्व कर्मचारी पोहण्यात प्रशिक्षित झाले असल्याने डोंग्याची आवश्यकता उरलेली नाही. सबब डोंगा गोदामात जमा करण्यात यावा.'

ती तालुक्याच्या साहेबांकडे धावली. "साहेब, मले पोहता येते. पण लसीच्या डब्याले नाई येत."

"डब्यांचं प्रशिक्षण आपल्या खात्यात येत नाही."

"पावसाळ्यातला नाला बोडीसारखा नसते, साहेब. मी वाहून गेली तं?"

साहेबांनी प्रमाणपत्र चष्म्याजवळ नेलं. "यात 'उत्तम' लिहिलंय. उत्तम पोहणारा वाहून जात नाही. तुम्ही गेलात, तर प्रमाणपत्र खोटं ठरेल आणि चौकशी तुमचीच लागेल."

पलीकडच्या गावात उर्वशी नावाच्या बाईचं दीड महिन्याचं बाळ लसीची वाट पाहत होतं. काय करणार! रंजीताने चामोर्शीच्या बाजारातून ट्रकची जुनी ट्यूब आणली, तिच्यावर डबा बांधला आणि नाल्यात उतरली. मध्यावर ओढ लागली. गढूळ पाणी पोटात गेलं, एक ओंडका खांद्याला घासून गेला. आता मेलीच, असं तिला वाटलं. मग तिने दम सोडला, अंग सैल केलं आणि पाण्याबरोबर तिरपं जात पन्नास हात खाली काठ गाठला. डबा शाबूत होता. ती चिखलात बसून ढसाढसा रडली.

काठावरच्या कुणीतरी सगळं मोबाइलवर टिपलं. रडण्याचा भाग तेवढा कापला.

व्हिडिओ राज्यभर फिरला. 'प्रशिक्षणाचे यश' म्हणून खात्याने रंजीताचा सत्कार केला. व्हिडिओखालचे अभिप्राय तिने एकूण एक वाचले. सलाम होते, जोडलेले हात होते, झेंडे होते. डोंगा कुठे गेला, हे एकानेही विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही. तुम्ही तो व्हिडिओ 'हीच खरी वाघीण' असं लिहून तीन ग्रुपांवर पाठवलात आणि जेवायला बसलात. खात्याने तुमच्या भावनेची तातडीने दखल घेतली आहे. शेजारच्या चार नाल्यांवरचे डोंगेही आता बंद झाले आहेत. लोकाग्रहास्तव.