परबकाकांचं नाक

परबकाका भेटले की नमस्कार करत नाहीत. डोकं हुंगतात.

तुम्ही लिफ्टची वाट बघत उभे असता. मागून एक उंच, जरा वाकलेला माणूस येतो, तुमच्या टाळूपासून वीतभरावर नाक आणतो, डोळे मिटतो आणि श्वास आत ओढतो. मग निकाल देतो, "खोबरेल. पण कालचा." नवे भाडेकरू घाबरतात. एकाने सोसायटीकडे तक्रारही केली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्यांचा धंदाच आहे तो. माझंही हुंगतात. मला तर टक्कल आहे."

निकाल चुकला तरी कोणी वाद घालत नाही. माझ्या आईने शाम्पू केला होता, तर काका म्हणाले, माक्याचं तेल. आई घरी येऊन आरशासमोर उभी राहिली. "मागच्या आठवड्यातलं राहिलं असेल गं," म्हणाली. एवढा त्या नाकाचा दरारा.

आता धंदा सांगते. सांगायची लाज वाटते, पण लपवून लिहायची मला सवय नाही. परबकाका दारू करतात.

हातभट्टी नव्हे. भांडुपच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात परवानाधारक डिस्टिलरी आहे, छोटीशी. जिन करतात, थोडी व्हिस्कीही मुरवतात. 'क्राफ्ट' म्हणतात त्याला. हातभट्टीवाल्याला पोलीस उचलतात आणि क्राफ्टवाल्याला मासिकं मुलाखतीला बोलावतात, एवढाच मला कळलेला फरक. बाटलीचं नाव मी लिहिणार नाही, फुकट जाहिरात करायला मी बसलेली नाही. लेबलावर मात्र एक नाक आहे, खाली जाड मिशी. ते नाक आमच्या परबकाकांचं. जिनमध्ये कोकम किती, गवती चहा किती, तिरफळ किती, खेप पास की नापास, सगळं त्या नाकावर ठरतं. मालक तरुण आहे, बाहेर शिकून आलेला. तो उघड म्हणतो, "ही कंपनी परबकाकांच्या नाकावर उभी आहे." हे वाक्य काकांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्या मजल्यावरची लहान मुलंसुद्धा म्हणून दाखवतात.

आणि मी, प्रज्ञा, त्यांच्या समोरच्या दारात राहणारी, दारूबंदी समितीची कार्यकर्ती. आमच्या घरात पंचशील रोज म्हटलं जातं आणि दारू न पिण्याच्या पाचव्या शीलावर माझे बाबा आवाज चढवतात. माझ्या पिशवीवर आडव्या बाटलीचं चित्र आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दारूचं दुकान हटवायचं तर वॉर्डातल्या बायका मतदान करतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. आमच्या मुलुंडच्या गल्लीतल्या दुकानासाठी असं मतदान मागायला आम्ही सह्या गोळा करतोय. त्या दुकानाच्या काचेत, दिव्यांच्या माळेखाली, काकांचं नाक ओळीने मांडलेलं आहे. सह्या मागायला जाते तेव्हा बायका विचारतात, "तुमच्याच मजल्यावरचे ना गं ते?" मी कागदाकडे बघते.

काका दारुडे असते तर सोपं झालं असतं. दारुड्याविरुद्ध पत्रक एका बैठकीत होतं. पण हा माणूस थेंब पीत नाही. तोंडात घेतो, खुळखुळवतो, थुंकतो. "हुंगूचा, गिळूचा नाय," हे त्यांचं ब्रीद. मालवणचं माणूस, मुंबईत जन्म काढला, तरी नाकाचा विषय निघाला की मालवणीत शिरतात. आधी अंधेरीला साबणाच्या कारखान्यात सुगंध खात्यात होते. त्या काळापासून कांदा रात्रीच खायचा, मासळी बाजारातून जाताना नाकाला मफलर. सकाळी आमच्या मजल्यावर अगरबत्ती लावायची नाही असा त्यांचा कायदा आहे. बाबा बुद्धवंदना करतात तेव्हा मेणबत्तीच लावतात, "उगाच परबांच्या पोटावर पाय नको," म्हणून.

त्यांच्या अगदी उलट नलूकाकू. काका शांतपणे हुंगतात, काकूंचं तोंड मिटत नाही. स्वयंपाक करताना तर समालोचन चालतं. "लसूण टाकली हो. आता आमसूल. मेथी जराशी करपलीच माझी." दारं समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या घरी काय शिजतंय ते आम्हाला फोडणीआधी कळतं. आई म्हणते, "ह्यांना रेडिओवर पाठवा."

तर झालं असं. पत्रकासाठी मला डिस्टिलरी आतून बघायची होती. काकांना विचारलं. वाटलं, टाळतील. ते खूश झाले.

"ये की शनिवारी, पुढारीण बाई. पण साबण नको, तेल नको, अत्तर तर नकोच नको. माझ्या गाळ्यात परको वास चलत नाय."

मी तत्त्वाने वागणारी मुलगी. शनिवारी निघताना कपाळाला, मानेला, दोन्ही कानशिलांना बाम चोपडला. रिक्षावाला भांडुपपर्यंत तोंड बाहेर काढून चालवत होता. माझा बेत सरळ होता. काका मला दारातून हाकलणार आणि मी पत्रकात लिहिणार, 'हे लोक जनतेला आत येऊ देत नाहीत.'

काका दारात आले. पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी. माझ्या टाळूवर वाकले, डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला.

"शाबास," म्हणाले. "काय्यएक लावलंस नाय. ये आत."

मी आत गेले. माझ्याच बामाने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आत तांब्याचं मोठं भांडं होतं, आमच्या जुन्या बंबाचा श्रीमंत भाऊ शोभेल असं. त्याच्या नळीतून धार पडत होती. काकांनी समजावलं: सुरुवातीची धार फेकायची, मधली ठेवायची, शेवटची पुन्हा बाजूला काढायची. पहिली कधी संपली आणि मधली कधी लागली, हे नाकाने ओळखायचं. 'पहिल्या धारेची' हा शब्द वस्तीत लोक मिटक्या मारत म्हणतात. इथे ती टाकाऊच्या डब्यात चालली होती. मी मनातल्या मनात मुद्दा टिपला.

काकांनी धारेखाली पेला धरला, स्वतः हुंगला, मग माझ्या नाकाखाली आणला. "शीक. काय वास?"

"नेलपॉलिश."

"बरोबर. थांबूया."

थोड्या वेळाने पुन्हा. "आता?"

"अजून नेलपॉलिशच."

"तेच म्हणतंय मी. थांबूया."

पेल्यात नाक त्यांचं होतं, पण डोळे माझ्या तोंडावर. वर्गात उत्तर न येणारा मुलगा शेजारच्याच्या ओठांकडे बघतो ना, तसे. आणि बामाचा वास त्या गाळ्यात इतका पसरला होता की मला स्वतःचीच किळस आली होती.

मी मनात आलं की बोलते. मोर्च्यात हे कामाला येतं, बाकी कुठे नाही.

"काका, तुम्हाला वास येत नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला. कोटाला हात पुसले, परत पुसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आंघोळ करताना दार उघडलं गेलेल्या माणसासारखे ते उभे होते.

"हळू बोल गो. मालक वर बसलो हा."

मग मशीनच्या आवाजाआड सांगितलं. कोविडात गेला. सगळ्यांचा गेला होता, सगळ्यांचा परत आला. "माझो खंय रवलो, देवाक ठाऊक. आज येत, उद्या येत, म्हणान कोणाक सांगलंय नाय. मगे सांगूची वेळ निघान गेली."

"आणि लोकांची डोकी?"

"बघतंय इलो काय. लिफ्टपाशी, जिन्यात. तेल मी केसांच्या चमकीवरून सांगतंय." ते जमिनीकडे बघत होते. "कोणाच्या तरी डोक्यातून एक दिवस येत परत."

मला राग आला. खरंच आला. "आणि अशा नाकाने तुम्ही लोकांना पाजताय?"

"प्रत्येक खेप लॅबात तपासतत. विष नाय जायचा. पण विष नाय म्हणजे चव असा, असा नसता ना गो."

"मग मालकाला सांगून टाका."

"तो काढूचो नाय माका. चांगलो झील हा. पगार देत, खुर्ची देत. पाहुणे इले की माका उभो करून म्हणत, हे आमचे परबकाका." त्यांनी लेबलाच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "मगे मी तेवढोच उरतलंय."

घरी परतताना रिक्षात मी ओळ लिहिली: 'ज्या नाकावर कंपनी उभी, त्या नाकाला वासच नाही.' अशी ओळ पत्रकाला वर्षात एखादीच मिळते. मुलुंड येईपर्यंत मी ती चारचौघांत वाचून दाखवल्यावरचा हशाही ऐकला. मग खोडली. माझं भांडण बाटलीशी आहे.

पण माझा लॅबवरही विश्वास नाही. म्हणून जनतेच्या आरोग्यासाठी, निव्वळ जनतेच्या आरोग्यासाठी, मी काकांना म्हटलं, पुढच्या शनिवारी येते, धार मी हुंगते.

काकांनी बोट वर केलं. "हुंगूचा," म्हणाले.

"गिळूचा नाय," मी म्हटलं.

तेव्हापासून जाते. मालकाला काकांनी सांगितलंय, शेजारची पोरगी शिकायला येते. दारूबंदी समितीची कार्यकर्ती शनिवारी भांडुपला जिन हुंगते, हे लिहिताना माझी मान वर होत नाही, पण आहे ते असं आहे. मला त्यांचे शब्द येत नाहीत. मी म्हणते, "नव्या प्लास्टिकच्या चपला," आणि काका म्हणतात, "मगे फेक." मी म्हणते, "शाळेतली कंपासपेटी, पेन्सिलीला टोक काढल्यावरची," आणि त्यांचा चेहरा उजळतो. "जुनिपर, जिनचो जीव. आता ठेव. आता सगळा ठेव." व्हिस्की पिंपात मुरताना त्यातली थोडी हवेत उडून जाते म्हणतात. "तो देवचाराचो वाटो," काका सांगतात. गावाच्या त्या राखणदाराला कोकणात दारू ठेवायची पद्धत आहे. मी म्हटलं, "देवचारालाही व्यसन लावलंत." त्यावर ते पहिल्यांदा मोकळे हसले.

एकदा तिथून थेट समितीच्या बैठकीला गेले. आमच्या अध्यक्ष कुंदाताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या ओढणीकडे तोंड वळवलं, नाक दोनदा आकसलं.

"प्रज्ञा, कसला गं वास?"

"सॅनिटायझर, ताई."

"अजून वापरतेस? शहाणी आहेस," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मोर्च्याची घोषणा मलाच द्यायला सांगितली. मी दिली. नेहमीपेक्षा मोठ्याने दिली.

परवा नलूकाकूंनी जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं होतं. रस्त्यावरून वर येतानाच काकूंचा आवाज ऐकू येत होता, "तिरफळ टाकलं हो आता, ठेचून टाकलं." काका पाटावर बसले, वाटीवर वाकले, डोळे मिटले. "वा. तिरफळ बघ कसा वर येता."

मी घास घेतला. शनिवारांनी माझं नाक बिघडवून ठेवलंय, आता मला कळतं. रश्शात तिरफळ नव्हतं. एकही नव्हतं.

मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पाणी घ्यायला ये गं आत."

स्वयंपाकघरात त्यांनी नळ सोडला, आवाज झाकायला. "गणपतीत संपलं तिरफळ. गावाहून कोण आलंच नाही." आणि मग, भांडं विसळता विसळता, "मागे एकदा घालायचं विसरले होते. तरी म्हणाले, तिरफळ झकास. तेव्हापासून मी बोलत बोलत रांधते. नाहीतर पानावर बसल्यावर काय सांगतील बिचारे."

मी त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसायला लागले.

"त्यांना कळू देऊ नकोस हां, मला कळलंय ते. मरतील लाजेने." काकूंनी नळ बंद केला, मग पुन्हा थोडा सोडला. "तिकडे नीट सांगतेस ना गं त्यांना? शनिवारी?"

"सांगते, काकू."

बाहेरून काकांचा आवाज आला, "काय गो, दोघींची मीटिंग काय?"

"भात वाढतेय हो," काकू ओरडल्या. "वर तूप सोडलंय. घरचं."

काल सकाळी लिफ्टपाशी उभी होते. मागून काका आले, वाकले, डोळे मिटले. केस मी नुकतेच धुतले होते, कोरडे होते, चमक काहीच नव्हती. ते थांबले. मला त्यांचा श्वास टाळूवर जाणवत होता, आत जाणारा, पुन्हा आत जाणारा.

"आज शिकेकाईने धुतलेत काका," मी म्हटलं. उगाचच, लिफ्टच्या दाराकडे बघत. "थोडी कापूरकाचरी घातलीय आईने."

"माका कळत नाय काय," काका म्हणाले.

लिफ्ट आली.