चिमट्यात दात धरलेली बाई

आमचे व्याही आधी माणसाचे दात बघतात, चेहरा नंतर. दातांचे डॉक्टर होते ना. कोलोनच्या ट्राममध्ये समोरची बाई हसली की माझ्या कानात म्हणायचे, "हिची वरची दाढ गेली." बाईला वाटायचं, म्हातारे तिचं कौतुक करतायत.

दोन हजार सहाची गोष्ट. माझी बायको सुमन गेली आणि मुलाने मला जर्मनीला आणलं. सूनबाईचे हे वडील आधीपासून इथेच. मला शाळा फारशी नाही, त्यांना नको तेवढी. त्यात मी कवळी लावायची सोडली होती. ती धुऊन वाटीत ठेवायची सुमनच. आता मऊ भात, तोही दोन घास. घरात सगळे त्यावरून मागे लागलेले. डॉक्टर तेवढे गप्प.

दर मंगळवारी ते मला म्युझियममध्ये ओढायचे. तिथे एका जुन्या चर्चच्या वेदीवरचं चित्र आहे, लाकडी फळीवर रंगवलेलं. संत अपोलोनिया. मागे सगळं सोनं, हातात चिमटा, चिमट्यात दात. धर्म सोडेना म्हणून हिचे दात पाडले म्हणे. दातदुखीवाले हिला नवस बोलतात. डॉक्टर चक्क बूट काढून हात जोडायचे. एका मंगळवारी पहारेकरी धावत आला, तर त्यालाच इंग्रजीत समजावलं, देवीपुढे पायात काही घालत नाहीत. तो "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाही, करत बूट घालायला लावूनच हलला. नमस्कार झाला की डॉक्टर तिचीच खोड काढणार. चिमटा असा धरतात का, मूळ तुटेल.

एकदा मी विचारलंच, "डॉक्टर, जन्मभर दात पाडले तुम्ही, आणि हात हिला जोडता?"

ते चित्राकडेच बघत म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगितलं, काही दुखणार नाही. आमच्या हिलाही शेवटी तेच सांगत होतो. तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही हो, मला बरं वाटावं म्हणून."

सूनबाई लहान असताना तिची आई गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखतंय हो, डॉक्टर."

"दुखणारच," ते म्हणाले.

मग खाली कॅफेत त्यांनी ब्रोटशन घेतला, इथला कडक पाव. कवळीचं नाव काढलं नाही. आतला मऊ भाग काढायचे, कॉफीत बुडवायचे आणि माझ्यापुढे धरायचे. मी खात गेलो. वरचं कडक साल ते स्वतः चावत बसले.