सासूबाईंचं टोचन

सासूबाईंना फोन करायचा नाही, एवढाच निर्णय भाऊसाहेबांनी घेतला होता. बाकीचं सगळं आपोआप होत गेलं.

गाडी भर रस्त्यात बंद पडली तेव्हा सव्वादोन वाजले होते. भाऊसाहेबांनी बॉनेट उघडलं, आत आदराने पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं. (नोंदणी कार्यालयात एकोणीस वर्षं काढलेला माणूस समोर आलेलं प्रकरण आधी नीट पाहतो आणि मग बंद करतो.) मागची सीट काढून तिथे त्यांच्या बायकोने बनवलेला नव्या वाचनालयाचा नमुना ठेवला होता. पुठ्ठा, लाकूड आणि चिमट्याने एकेक करून चिकटवलेली दोनशे चौदा झाडं. दहा वर्षं ती दुसऱ्यांच्या नावावर असे नमुने बनवत आली होती. हा पहिला, स्वतःच्या नावाचा. चार वाजता तो समितीपुढे ठेवायचा होता. उशीर झाला की काम दुसऱ्याला. सकाळी चार माणसांनी श्वास रोखून, तिरका करत करत तो गाडीत सरकवला होता, त्यामुळे रस्त्यात बाहेर काढून दुसऱ्या गाडीत घालायची सोय नव्हती. नमुना जायचा तर गाडीसकट.

"आईला फोन करू या," बायको म्हणाली.

तिच्या आईने तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं. फक्त भाऊसाहेब मुद्दाम दोन बस बदलून दुसऱ्या टोकाच्या शाळेत शिकले, कारण सासूच्या शेजारी बसून क्लच शिकणं जावयाला शोभत नाही.

"त्यांना कशाला त्रास? मी आहे ना," ते म्हणाले.

त्यांनी लॉण्ड्रीची एक व्हॅन थांबवली. टोचन करायचं म्हणजे काय, बंद गाडी दोरीने बांधायची आणि ओढून न्यायची. डिकीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. तिचं एक टोक व्हॅनला आणि दुसरं आपल्या बंपरला त्यांनी स्वतः बांधलं. कार्यालयात जाडजूड फायलींना मारतात ती खास गाठ मारली. ती गाठ सुटली नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. बंपर सुटला. व्हॅन तो घेऊन खडखडत बरीच पुढे गेली आणि भाऊसाहेब जागच्या जागी स्टिअरिंग फिरवत राहिले.

"चार झाडं पडली," मागे नमुन्याशेजारी दाटीवाटीने बसलेली बायको म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. तेव्हा भाऊसाहेबांनीच घाईघाईने फोन लावला.

वीस मिनिटांत सासूबाईंची जीप आली. त्यांनी व्हॅनवाल्याने परत आणून टाकलेला बंपर पाहिला, दोरी पाहिली, गाठ पाहिली.

"गाठ चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी भाऊसाहेबांच्याच डिकीतून, जॅकच्या शेजारून, एक लोखंडी कडी काढली. "ओढायची कडी, जावईबापू. ही पुढे फिरवून बसवायची आणि पट्टा हिलाच अडकवायचा. बंपर शोभेला असतो."

अकरा वर्षं ती कडी तिथेच होती आणि भाऊसाहेबांचा तिच्याशी परिचय नव्हता. सासूबाईंनी रुंद पट्टा अडकवला, मधोमध लाल फडकं बांधलं आणि खिडकीपाशी आल्या.

"किल्ली फिरवून ठेवा, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. गिअर?"

"न्यूट्रल."

"इंजिन बंद आहे, ब्रेक दगडासारखा लागेल. घाबरायचं नाही, जोर लावायचा. आणि पट्टा ढिला पडू द्यायचा नाही. ढिला पडला की पुढचा झटका तिच्या झाडांना."

"म्हणजे ब्रेक मी लावायचा?"

"दोन्ही गाड्यांचा. मी नुसती पुढे आहे."

इतकी मोठी जबाबदारी भाऊसाहेबांवर कार्यालयातसुद्धा कधी कोणी टाकली नव्हती.

जीप निघाली ती कळलीच नाही. शेजारचा विजेचा खांब मागे सरकला तेव्हा भाऊसाहेबांच्या लक्षात आलं की आपण चाललो आहोत. पुढे गतिरोधक आला की खिडकीतून सासूबाईंचा हात बाहेर यायचा, आधी पाच बोटं, मग तीन, मग एक, आणि त्या एका बोटाला गाडी अलगद पार. लांबचा लाल दिवा त्या इतक्या आधी हेरायच्या की तिथे पोहोचेपर्यंत तो हिरवा होऊन वाट बघत असायचा. ब्रेक दाबून दाबून भाऊसाहेबांची पोटरी भरून आली, पण पट्टा एकदाही जमिनीला लागला नाही. काय ती नजर आणि काय तो हात. या बाईंकडून शिकायचं सोडून आपण दोन बस बदलत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"झाडं कशी आहेत?" त्यांनी न वळता विचारलं.

"चिकटवतेय," मागून उत्तर आलं. चालत्या गाडीत, चिमट्याने.

चारला बारा मिनिटं कमी असताना ते पोहोचले.

"छान आलात, जावईबापू," पट्टा गुंडाळत सासूबाई म्हणाल्या. "मागून येण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."

भाऊसाहेबांनी हे स्तुती म्हणून घेतलं आणि नमुना उचलून आणणाऱ्या चार शिपायांच्या पुढे छाती काढून सभागृहात शिरले.

समितीच्या अध्यक्षबाई चष्मा सावरत नमुन्यावर बराच वेळ वाकून होत्या. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी बाई म्हणाल्या, "काम तुमचंच." भाऊसाहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"बारकावे तर बघा," बाई सगळ्यांना बोलावून दाखवू लागल्या. "समोरच्या रस्त्यावर ही जीप, तिच्यामागे लाल दोऱ्याने बांधलेली ही गाडी. किती खरं वाटतं. आणि हे इथे रस्त्यात काय पडलंय?"

बायको चिमटा पर्समध्ये ठेवण्यात एकदम गढून गेली.

"बंपर आहे," मागे येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आमच्या जावईबापूंचा."

समितीने वळून भाऊसाहेबांकडे पाहिलं, आणि एकमताने ठराव केला की नमुना वाचनालयाच्या दर्शनी भागात, काचेच्या पेटीत, आहे तसाच कायम ठेवावा.