थाप पडली की लिहा

"पोरांनो, मी सांगन अन् तुमी उतरवान, हा धंदा आजपासून बंद!" निवृत्ती सरांनी वर्गात जाहीर करून टाकलं.

साखरखेर्ड्याच्या शाळेत इतिहास सांगून सांगून त्यांचा घसा जुन्या रहाटासारखा कुरकुरत होता. "सर, पुन्हा सांगा नं!" असं कोणी म्हटलं, की त्यांना तिथंच आडवं व्हावंसं वाटे. म्हणून टिपणं काढायची ही नवी पद्धत!

"नुसतं ऐका. मी टेबलावर थाप मारली, की आधीचं वाक्य महत्त्वाचं. तेवढंच लिहा!"

पोरं खूश. सर त्याहून खूश!

पण नेमका बाजाराचा दिवस. शाळेला लागून गुळाची दुकानं. तिथल्या माशा फ्रेंच राज्यक्रांती ऐकायला थेट वर्गात आल्या.

"फ्रान्सात भाकर महागली." थाप! "लोक राजावर चिडले." थाप!

एक माशी टेबलावर येऊन बसली.

"अरे भाऊराव, खिडकी लाव बे!" थाप! माशी उडाली, पुन्हा बसली. "मेली का?" थाप! "नाही मेली!" थाप!

सगळे टाक भराभर चालले. थकलेल्या सरांचं तिकडे लक्षच नव्हतं.

आठवड्यानं तपासणीचे साहेब आले. शेरा वाईट पडला तर बदली ठरलेली! हेडमास्तर महादेवराव मागे घाम पुसत उभे.

"राज्यक्रांती का झाली?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या बाकावरची कोकिळा ताडकन उठली. "फ्रान्सात भाकर महागली. लोक राजावर चिडले. अरे भाऊराव, खिडकी लाव बे. मेली का? नाही मेली."

"कोण मेली नाही?"

"राणी असन, साहेब!"

"आणि हे भाऊराव कोण?"

मागच्या बाकावरचा भाऊराव उभा राहिला. "मी क्रांतीत नव्हतो, साहेब! मी खिडकीपाशी होतो!"

सर पुढे धावले. "काऊन लिहिलं बे असं?"

"तुमीच थाप मारली नं, सर!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांनी वह्या चाळल्या. सगळीकडे तेच, शब्दाला शब्द! हसता हसता त्यांना ठसका लागला. "मास्तर, पोरं मास्तरांचं इतकं ऐकतात, हे मी आजच पाहिलं! शाब्बास!"

संध्याकाळी सर घरी येऊन भिंतीला टेकले. त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी, पाणी दिलं.

"काय झालं जी? बदली?"

"नाही. शाबासकी भेटली."

"मंग तोंड काऊन असं?"

"साहेब म्हणे, तालुक्यातल्या समद्या मास्तरायले ही पद्धत शिकवा. दर रविवारी!"