हेलियमचा बिल्ला

बिल्ला छातीवर लावताना हंबीरराव खूश होते. त्यावर इंग्रजीत एच आणि ई अशी दोन अक्षरं होती. जोडून वाचलं की ‘ही’, म्हणजे ‘तो’, म्हणजे पुरुषमाणूस. मॅडमना माणसाची पारख आहे, असं त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला, शालनताईंना सांगितलं. शालनताईंच्या बिल्ल्यावर नुसताच एच होता.

त्यांची निशिगंधा आठवीत होती. मुलांना रेणुसूत्रं जमत नव्हती म्हणून विज्ञानाच्या मैथिली मॅडमनी शनिवारी पालकांनाच शाळेत बोलावून खेळ मांडला होता. प्रत्येक पालक एक मूलद्रव्य. घंटा वाजली की योग्य जोडीदाराचा हात धरून संयुग व्हायचं. ज्याचा पालक सुटा राहील, त्या मुलाचा गट बाद.

मॅडमनी संयुजा समजावली. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. मग त्यांची नजर हंबीररावांवर आली.

“हा हेलियम. याला हातच नाही. हा कुणाशीही जोडला जात नाही, एकटाच राहतो.”

वर्गात खसखस पिकली. कारण हंबीरराव आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ विश्वजित यांचा वर्षभराचा अबोला सगळ्या मंगळवार पेठेला ठाऊक होता. कागलच्या चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत धाकट्याचं नाव आधी आणि थोरल्याचं नंतर छापलं गेलं होतं, आणि छापखान्यात यादी विश्वजितनं दिली होती. तेव्हापासून एकाच घरात एक वर, एक खाली. निरोप बायकांमार्फत.

“मॅडम, माझं कुणाशी जमत न्हाई, हे भर वर्गात सांगायची काय गरज होती?” हंबीरराव उठून म्हणाले.

मॅडम गडबडल्या. हा तर राजवायू, असं त्यांनी सांगितलं. ‘राज’ ऐकून हंबीरराव बसले. पण त्याचंच दुसरं नाव निष्क्रिय वायू आहे असं कळताच पुन्हा उठले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान सकाळी सातला उघडणाऱ्या माणसाला निष्क्रिय म्हणजे फारच झालं. मागच्या बाकावर आकाराम दूधवाले ‘एन ए’चा बिल्ला लावून बसले होते. आपण कुणाला कधी ‘ना’ म्हणालो, याचं त्यांनाही वाईट वाटत होतं. दोघांनी मुकाट्यानं बिल्ले बदलले.

आता हंबीरराव सोडियम झाले. एक हात मिळाला म्हणून ते खुशीत बायकोकडे निघाले. शालनताई आणि जाधवांच्या काकी तोवर एका ऑक्सिजनचे दोन्ही हात धरून उभ्या होत्या.

“सोडियम, पाण्यापासून लांब राहा,” मॅडम ओरडल्या. “पेट घ्याल.”

“घरीबी तसंच करत्यात,” शालनताई म्हणाल्या.

घंटा वाजून गेली होती. हंबीरराव कार्बनकडे गेले. त्याचे चारही हात भरलेले. शेवटी आकारामांपुढे हात केला, तर ते हाताची घडी घालून म्हणाले, “मला हातच न्हाईत. मॅडमनी सांगितलंय.”

एवढ्यात दारातून विश्वजित घाईघाईनं आत आला. उशीर झाल्यामुळे उरलेला शेवटचा बिल्ला त्याला मिळाला, क्लोरीनचा. एकटं राहायची मुभा असलेला हेलियम सोडला, तर वर्गात आता दोघेच सुटे होते. निशिगंधा आणि विश्वजितचा राजवीर एकाच गटात होते; दोघांचे चेहरे रडवेले झाले.

“सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचाय, क्लोरीनला एक हवाय,” मॅडम म्हणाल्या. “दोघांचं मीठ होतं. धरा हात.”

कुणीच हलेना. हंबीररावांनी घसा साफ केला.

“सूत्रात आधी नाव कुणाचं लिवत्यात?”

“सोडियमचं.”

“कायम?”

“जगभर. आधी सोडियम, मग क्लोरीन.”

हंबीररावांनी भावाकडे बघितलं. विश्वजित खाली बघत म्हणाला, “दादा, छापखानेवाल्यानं उलटसुलट केलं. मी तुजंच आधी लिवलं हुतं.”

“मग हे वरीसभर का सांगितलं न्हाईस?”

“तू बोलत कुठं हुतास?”

हंबीररावांनी त्याचा हात असा आवळला, की विश्वजितच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशानं, हे कुणी विचारलं नाही. मुलांचा गट वाचला.

त्या दिवसापासून दोघे भाऊ वर्षभराचं बोलणं भरून काढायला लागले. पहाटे पाचला जिन्यात गप्पा, दिवसातून सहादा चहा, दुपारी एकाच ताटात जेवण आणि जेवताना जयसिंगपूरच्या तालमीतल्या कुस्तीवरून तारस्वरात वाद. विश्वजितची बायको माहेरी जाते म्हणायला लागली. चौथ्या दिवशी शालनताईंनी मॅडमना फोन लावला. जिन्यात चहाची वाट बघत बसलेल्या हंबीररावांना ते ऐकू आलं.

“मॅडम, हे मीठ परत सुटं कसं करायचं?”

पलीकडून मॅडमनी हसत सांगितलं, की सोपं आहे, पाण्यात टाकलं की सोडियम आणि क्लोरीन वेगळे होतात.

शालनताईंनी जिन्याकडे नजर टाकली.

“रंकाळा तलाव जवळच हाय,” त्या म्हणाल्या, “पण दोघांस्नीबी पवायला येतंय की.”